इंटरनेटचा वेग घरात कुठे अडतो?



‘आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. आज मी ज्या तक्रारीविषयी बोलणार आहे, ती या म्हणीच्या नेमकी उलट आहे. आडात पाणी भरपूर आहे, पोहऱ्यात मात्र ते येत नाही. आड म्हणजे तुमच्या दारापर्यंत आलेली इंटरनेटची तार, आणि पोहरा म्हणजे तुमच्या हातातला मोबाइल किंवा शाळेतला संगणक. या दोहोंच्या मध्ये एक लहानसा डबा बसलेला असतो. त्याला राउटर म्हणतात. पुष्कळदा पाणी अडते ते तिथे.

हा विषय शहरातल्या लोकांचा, आपल्याला काय त्याचे, असे कृपा करून म्हणू नका. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. १५ ऑगस्ट २०१६ रोजी नागपूर हा राज्यातला पहिला ग्रामीण डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या सातनवरी गावी शेती, आरोग्य, शिक्षण अशा सेवा इंटरनेटच्या आधारे देणाऱ्या स्मार्ट गावाच्या प्रकल्पाचा आरंभ झाला. सातबारा पाहायचा तर इंटरनेट, ई-पीक पाहणी करायची तर इंटरनेट, शाळेची यूडायसची माहिती भरायची तर इंटरनेट, मुलांना दीक्षावरचा धडा दाखवायचा तरी इंटरनेट. तेव्हा पाटाचे पाणी शेतात नीट पोहोचते की नाही हे पाहणे जसे शेतकऱ्याचे काम, तसे हेही आता घरधन्याचे आणि गुरुजींचे काम झाले आहे.

समजा, काटोलकडच्या एका गावी एक गुरुजी राहतात. घरी काचेची तार आली आहे, महिन्याला १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. घरात दोन मुले शिकणारी, टीव्ही इंटरनेटवरच चालणारा. वेग पुरेना, म्हणून गुरुजींनी जास्तीचे पैसे भरून ३०० चा प्लॅन घेतला. मोठ्या हौसेने मोबाइलवर वेग मोजला, तो आकडा आला ९४. दुसऱ्या दिवशी मोजला, पुन्हा ९४. त्यांनी कंपनीला फोन केला. तारवाला मुलगा आला, त्याने आपल्या यंत्रावर तपासले आणि सांगितले, “गुरुजी, लाइन ३०० ची बरोबर येत आहे.” गुरुजी म्हणाले, “मग मला का मिळत नाही? पैसे तर तीनशेचे घेता!” शब्दाने शब्द वाढला.

आता गंमत अशी, की खोटे कुणीच बोलत नव्हते. तार ३०० आणत होती, आणि गुरुजींना ९४ च मिळत होते. मधला २०० चा फरक राउटर गिळत होता. या भांडणात महिन्याच्या महिन्याला गुरुजींचे पैसे वाया जात होते, आणि कदाचित पुढल्या महिन्यात चिडून त्यांनी ५०० चा प्लॅन घेतला असता. तरीही आकडा ९४ च राहिला असता! असे नुकसान टळावे, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण.

प्रथम एक लहानसा हिशेब समजून घेऊ, कारण अर्ध्या तक्रारी या हिशेबातच विरून जातात. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. यास्तव १०० एमबीपीएसच्या तारेवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट माल येईल. एखादा चित्रपट उतरवून घेताना संगणक सेकंदाला ११ किंवा १२ मेगाबाइट दाखवू लागला, तर ‘शंभर सांगितले आणि बाराच दिले’ असे म्हणून रागावू नका. ते शंभरच आहेत. शेर आणि किलो यांची गल्लत करावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट प्लॅनची. पुष्कळ प्लॅनमध्ये एक मर्यादा असते. महिन्यात ठरावीक माल वापरून झाला, की वेग आपोआप उतरतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात वेग छान आणि शेवटच्या आठवड्यात रडका असेल, तर राउटरला दोष देण्याआधी प्लॅनचा कागद वाचा.

एवढे पाहूनही तक्रार उरली, तर मग शोधाला निघायचे. हा शोध कसा घ्यायचा, हे ज्यांच्या संत्र्याच्या बागेत ठिबक आहे त्यांना मी शिकवण्याची गरज नाही. विहिरीपासून झाडापर्यंत पाणी कसे जाते? विहीर, मोटार, फिल्टर, मोठी नळी, लहान नळी आणि शेवटी तोटी. झाडाला पाणी कमी पडू लागले, तर शहाणा बागायतदार लगेच नवी विहीर खोदत नाही. तो फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहतो. अलीकडे दाब भरपूर आणि पलीकडे कमी, म्हणजे गाळ फिल्टरमध्ये आहे. दोन्हीकडे कमी, म्हणजे दोष मोटारीकडे. आणि दोन्हीकडे भरपूर असेल, तर दोष पुढे नळीत किंवा तोटीत.

इंटरनेटचेही अगदी असेच आहे. रस्त्यावरून काचेची तार घरात येते आणि एका डब्याला लागते. त्याला ओएनटी म्हणतात, कुणी मोडेम म्हणतात. तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करणे, हे त्याचे काम. तिथून लॅनची वायर राउटरला जाते. राउटर तो प्रवाह घरातल्या सगळ्या यंत्रांना वाटून देतो, कुणाला वायरीने, कुणाला वायफायने. काही घरी हे दोन्ही डबे एकाच डब्यात असतात. या साखळीत जी जागा सर्वांत अरुंद, तिचाच वेग तुम्हाला मिळणार. बाकीच्या जागा कितीही रुंद केल्या तरी एका बोटाचाही फरक पडणार नाही. म्हणून नियम एकच: आधी सांध्यासांध्यावर मोजा, मग खर्च करा.

मोजायचे कसे, ते सांगतो. वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, जागा, जोडणी आणि वेग. मोजण्यासाठी ट्रायचे मायस्पीड हे ॲप आहे, इतरही पुष्कळ आहेत. संगणकावर ब्राउझरमध्येही मोजता येते. मोजताना घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही वायफायवरून काढून ठेवा, नाहीतर चार जणांनी मिळून प्यायलेल्या पाण्याचा हिशेब एकट्याच्या नावावर लागेल. एकदा मोजून निकाल देऊ नका, प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजा.

पहिले माप ओएनटीपाशी. लॅपटॉप वायरीने थेट ओएनटीला जोडून घ्यायचे. काही ठिकाणी जोडणीचे नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो, त्यामुळे लॅपटॉप थेट जोडून चालत नाही. अशा वेळी हे माप तारवाल्याकडून तुमच्या डोळ्यांदेखत घेववावे. दुसरे माप राउटरपाशी, पण वायरीने. तिसरे राउटरच्या खोलीतच, चारपाच पावलांवर उभे राहून वायफायने. आणि चौथे, जिथे तुम्ही रोज बसता तिथे. ही चार मापे सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा घ्या. बस्स, निम्मा शोध इथेच पुरा होतो.

आता आकडे काय सांगतात ते वाचू.

ओएनटीपाशीच वेग कमी आला, तर दोष घराबाहेरचा. सकाळी चांगला आणि रात्री कमी, असे असेल तर त्याचेही कारण आहे. काचेची एक तार एकट्या तुमच्यासाठी नसते. आपल्याकडे रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत एका तारेवरून सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट येतात, आणि ती तार विभागून बत्तीस, कधी चौसष्ट घरांना दिलेली असते. रात्री सगळे गाव एकदम पाहू लागले, की वाटा कमी होतो. याला तुमचा राउटर काय करणार? इथे कंपनीलाच सांगावे लागते. ओएनटीवर लाल दिवा लागला असेल, तर बहुधा प्रकाश पोहोचत नाही असे समजा. तार कुठे दुमडली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, हे पाहा. काचेची तार काटकोनात वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. मात्र तारेचे टोक काढून त्यात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांनाही हे बजावून ठेवा.

ओएनटीपाशी वेग पुरा, आणि राउटरपाशी वायरीने मोजला तर ९४ च्या आसपास अडून बसतो, हे झाले आपल्या गुरुजींचे प्रकरण. हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. तो रोगाचे नावच सांगतो. लॅनच्या वायरीचे भोक, म्हणजे पोर्ट, दोन जातींचे असते. जुनी जात सेकंदाला १०० मेगाबिटची, नवी १,००० मेगाबिटची. तिला गिगाबिट म्हणतात. मग शंभरच्या पोर्टमधून शंभर का येत नाहीत, चौऱ्याण्णवच का? कारण माल पाकिटांतून येतो, आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता, शिक्का आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा यांना थोडी जागा लागते. साधारण दीड हजार बाइटच्या पाकिटामागे हा खर्च शंभरात पाचसहा इतका होतो. पोत्याचे वजन वजा केल्यावर धान्याचे जे उरते, तेच हे ९४.

तेव्हा ३०० च्या प्लॅनवर आकडा रोज, सकाळ-संध्याकाळ, ९० ते ९४ वर खिळलेला असेल, तर समजा, मार्गात कुठेतरी शंभराचा पोर्ट आहे. दोष तारेचा असता, तर आकडा वरखाली झाला असता. जो आकडा हलत नाही, तो भिंतीला टेकलेला असतो. आणि हा पोर्ट ओएनटी व राउटर यांच्या मध्ये असेल, तर वायफायवर मोजले तरी तेवढेच येणार, कारण वायफायला पाणी त्याच नळीतून मिळते.

पण थांबा, राउटर फेकून देण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या राहिल्या. एक, तुम्ही ज्या लॅपटॉपने मोजले त्याचाच पोर्ट शंभराचा नाही ना? मापच खोटे असेल, तर धान्याला दोष देऊन काय उपयोग? विंडोजच्या संगणकात वायरीच्या जोडणीची माहिती उघडली की लिंक स्पीड लिहिलेला दिसतो, १०० किंवा १,०००. दोन, वायर. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभराच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, हजाराच्या जोडणीला चारही लागतात. उंदराने एक तार कुरतडली, किंवा टोकाच्या प्लास्टिकच्या बोंडात एक तार सैल बसली, तर दोन्ही यंत्रे आपसांत तडजोड करतात आणि मुकाट्याने शंभरावर उतरतात. इंटरनेट चालूच राहते, म्हणून कुणाला संशय येत नाही. अशा वेळी राउटर उत्तम असतो आणि दोष एका लहानशा वायरीचा असतो. म्हणून पहिला इलाज वायर बदलून पाहण्याचा. वायरीवर कॅट-५ई किंवा कॅट-६ असे छापलेले असावे, आणि एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत असावी.

वायर बदलली, तरी आकडा हलला नाही. मग राउटरच्या पाठीमागचा किंवा खोक्यावरचा मजकूर वाचा. इथे फार मोठी फसगत होते, म्हणून सावकाश सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० किंवा १२०० असे छापलेले असते. तो आकडा वायफायचा, आणि तोही कागदावरचा. १२०० म्हणजे एका पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्या पट्ट्यावरचे सुमारे ९०० यांची बेरीज. एक मोबाइल एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर चालतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. आणि त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत पोर्टची जात लिहिलेली असते. तिथे ‘१०/१००’ असेल, तर १२०० च्या त्या राउटरमध्ये बाहेरून शंभराहून अधिक काही शिरूच शकत नाही. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असेल, तर वाट मोकळी. दुकानात हौदाचा आकार न विचारता तोटीचा आकार विचारावा, तो असा.

पोर्ट गिगाबिटचा आहे, वायरही चांगली आहे, तरी वेग दीडशे-दोनशेवर दमतो, असाही एक प्रकार आहे. राउटरच्या पोटात एक लहान संगणकच असतो. ग्रामपंचायतीच्या एकाच पत्त्यावर सगळ्या गावाची टपाले यावीत आणि शिपायाने प्रत्येक पाकिटावर घराचे नाव लिहून ते वाटावे, तसे त्याचे काम. ३०० एमबीपीएसच्या प्रवाहात सेकंदाला सुमारे पंचवीस हजार पाकिटे येतात. जुन्या राउटरचा शिपाई दमतो. नव्या राउटरमध्ये हे काम करणारे वेगळे यंत्र असते, म्हणून ते जलद होते. पण पाकीट उघडून पाहण्याचे काम सांगितले, उदाहरणार्थ मुलांसाठी पाळत ठेवण्याची सोय, किंवा व्हीपीएन, किंवा वेगाची वाटणी करणारी क्यूओएस नावाची सोय चालू केली, तर काही राउटरमध्ये ते जलद यंत्र बाजूला पडते आणि सगळा भार पुन्हा शिपायावर येतो. या सोयी एकेक करून बंद करा आणि मोजा. क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल या जागी कुणी जुन्या प्लॅनच्या वेळी ४० असा आकडा भरून ठेवला असेल, तर नवा प्लॅन तीनशेचा घेतला तरी राउटर चाळीसच देत राहील. तो बिचारा आज्ञाधारक आहे, एवढाच त्याचा अपराध.

सेटिंग बदलताना एक पथ्य पाळा. एका वेळी एकच बदल करा, मोजा, वहीत लिहा, आणि मगच दुसरा. चार औषधे एकदम घेतली, तर गुण कशाने आला हे कळत नाही. राउटरमधला अंतर्गत कार्यक्रम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच नवा करावा, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. अर्ध्यावर वीज गेली, तर राउटर कायमचा बसण्याची भीती असते.

आता तिसरा निकाल. वायरीने वेग पुरा येतो, वायफायने येत नाही. म्हणजे अडथळा हवेत आहे. इथे आकाशवाणीच्या श्रोत्यांना समजावून सांगणे सोपे आहे, कारण वायफाय हाही रेडिओच आहे. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि पुढे वर्षानुवर्षे ते मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला ऐकू येत राहिले. त्या एका लहरीची लांबी पाचशे मीटरहून अधिक. एवढी लांब लहर घराच्या भिंतीला कशाला जुमानेल? वायफायची लहर मात्र बोटभर लांबीची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सहाच सेंटिमीटर. जितकी लहर लहान, तितकी ती भिंतीला लवकर थकते.

म्हणून दोन्ही पट्ट्यांचे गुण वेगवेगळे. २.४ चा पट्टा दूर जातो, भिंत ओलांडतो, पण रुंदीने अपुरा आणि गर्दीचा. ५ चा पट्टा रुंद आणि वेगवान, पण एकदोन भिंतींतच नरम पडतो. राउटरच्या वायफायची दोन नावे दिसत असतील आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर तो हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. मोबाइलच्या ५जी टॉवरशी त्याचा संबंध नाही. जवळच्या खोलीत हा पट्टा वापरा, लांबच्या खोलीत दुसरा. जुना किंवा स्वस्त मोबाइल २.४ वरच चालत असेल, तर त्यावर चाळीस-पन्नास आले तरी समाधान माना. तिथे पोहराच लहान आहे.

गर्दीचे म्हणाल, तर महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीत वीस-वीस घरांचे वायफाय एका खोलीत दिसतात. सगळे एकाच चॅनेलवर असले, की ग्रामसभेसारखे होते: एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. या तिघांपैकी जे मोकळे दिसेल ते निवडा. मोबाइलवरच्या एखाद्या वायफाय ॲपने शेजारची चॅनेल पाहता येतात. खेड्यात ही अडचण कमी, तिथे भिंती जाड असतात ही अडचण मोठी.

सुरक्षेची जुनी पद्धत हेही एक छुपे कारण आहे. राउटरमध्ये डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी अशी जुनी कुलपे निवडलेली असतील, तर वायफाय ५४ च्या जुन्या वेगावर उतरते. तिथे डब्ल्यूपीए-२ आणि एईएस, किंवा असल्यास डब्ल्यूपीए-३ निवडा. वेगही वाढेल आणि कुलूपही मजबूत होईल.

आणि आता आपल्या नागपूरची खास गोष्ट: कूलर आणि ऊन. धातू वायफायला अडवतो आणि पाणी त्याला शोषून घेते. आपल्या कूलरमध्ये दोन्ही आहेत, पत्र्याचे अंग आणि पोटात पाण्याचे टाके! राउटर आणि तुमची खाट यांच्या मध्ये कूलर आला, की एप्रिल लागताच वेग उतरतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. तीच गोष्ट लोखंडी कपाटाची, पत्र्याच्या कोठीची आणि फ्रिजच्या मागची. राउटर घराच्या मध्यावर, छातीइतक्या किंवा त्याहून उंच, उघड्या फळीवर ठेवा. नजरेला न पटणारी जागाच पुष्कळदा त्याला पटते.

उन्हाचेही तसेच. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखाली त्याहून अधिक. राउटर तापला, की काम मंदावतो किंवा मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुपारी दोन ते पाच वेग बिघडतो आणि रात्री सुधारतो, असे वहीत दिसले, तर जागा बदला. त्याच्यावर कापड, देवाचा फोटो, बिलांचा गठ्ठा ठेवू नका. आणि अडॅप्टर जळाला म्हणून दुसऱ्या कशाचा तरी लावला असेल, तर मूळ अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, ते पाहा. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. कमजोर अडॅप्टरवर राउटर घडीघडी दम सोडतो.

इतके पाहून झाल्यावर कुणाला काय सांगायचे, हे स्पष्ट होते. ओएनटीपाशी वायरीने वेग कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. वहीतली मापे, तारीख आणि वेळेसह, वाचून दाखवा. मोजलेल्या आकड्यापुढे ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्या उत्तरावर कुणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. तिथे दाद लागली नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. उलट ओएनटीपाशी वेग पुरा असेल, तर तारवाल्या मुलाला घालूनपाडून बोलू नका. दोष आपल्या घरात आहे, आणि तो सापडण्याजोगा आहे.

पैसे खर्च करण्याचा क्रमही यातून ठरतो. आधी जागा बदला, ती फुकट. मग सेटिंग, तेही फुकट. मग वायर, तिला थोडे पैसे. सर्वांत शेवटी राउटर. आणि मोठा प्लॅन तर त्याच्याही नंतर. आपल्या घराला खरोखर किती लागते, तेही पाहा. एका दूरदर्शन संचावर चांगले चित्र पाहायला पाच-दहा एमबीपीएस पुरतात. १०० चा प्लॅन, शंभराचा राउटर आणि चार माणसांचे घर असेल, तर ९४ मध्ये संसार सुखाने चालतो. अशाने राउटर बदलायचे कारण नाही, प्लॅन वाढवायचेही नाही. ज्याने मोठा प्लॅन घेतला आहे, त्यालाच गिगाबिटच्या वाटेची गरज. प्लॅन आणि राउटर ही जोडी एकमेकांना साजेशी असावी. बैलजोडीतला एक बैल आखूड असला, तर दुसऱ्याच्या ताकदीचा उपयोग होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा सगळा शोध सातवी-आठवीच्या वर्गाला प्रयोग म्हणून देता येतो. शाळेत इंटरनेट असेल, तर मुलांचे चार गट करा. एका गटाने राउटरजवळ, दुसऱ्याने भिंतीपलीकडे, तिसऱ्याने व्हरांड्यात, चौथ्याने मैदानात वेग मोजावा. फळ्यावर तक्ता मांडा, सरासरी काढा, आलेख काढा. मग राउटरपुढे पाण्याने भरलेली बादली आणि पत्र्याचा डबा ठेवून पुन्हा मोजा. लहरी, अंतर, सरासरी, बिट आणि बाइट, सगळे त्यात आले. आणि सर्वांत मोठा धडा हा, की एखादी गोष्ट बिघडली तर आरडाओरड करण्याआधी मोजावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा धडा ज्या मुलाला कळला, तो पुढे मोटारपंपाचाही दोष शोधील आणि पिकाच्या रोगाचाही.

आपल्या काटोलच्या गुरुजींचे पुढे काय झाले असते? त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या असत्या. ओएनटीपाशी ३००, राउटरपाशी वायरीने ९४. वायर बदलली, तरी ९४. राउटर उलटा करून पाहिला, ‘१०/१००’. मग दोनच वाटा उरल्या: एक तर गिगाबिटचा राउटर आणावा, नाहीतर पुन्हा १०० च्या प्लॅनवर जाऊन दरमहाचे जास्तीचे पैसे वाचवावेत. दोन्ही वाटा शहाणपणाच्या. मूर्खपणाची वाट एकच होती, ती म्हणजे न मोजता ५०० चा प्लॅन घेण्याची.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणे झाली, की वही काढा आणि आपल्या घरचे पहिले माप लिहून ठेवा.